बिल्टी

शाळेच्या पत्रकावर छापलं होतं ‘निरोप समारंभ’.
दहावीच्या पोरांनी त्याचं प्रॉम केलं,
आणि श्रावस्तीने ग्रुपवर परस्पर टाकून दिलं :
माझी आई ट्रान्सपोर्टमध्ये आहे.

आहे ना. एकोणीस वर्षं तुर्भ्यात,
कांदा-बटाटा मार्केटच्या मागे, जिन्याखालच्या टेबलावर.
लासलगावची दहाचाकी मी झोपेत खाली करून घेईन.
पण अकरा पोरं, कोपरखैरण्याहून खारघरला,
सहाला न्यायची, अकराला आणायची,
आणि गाडी म्हणे लांब, पांढरी, आत निळे दिवे –
असा माल कधी लावला नव्हता.

लांब पांढरीवाल्याने पनवेलहून भाव सांगितला.
म्हटलं, दादा, विकत नकोय, भाड्याने हवीय.
दुसरा म्हणाला, लग्नसराई आहे,
नवरा-नवरी सोडून काही उचलत नाही.
तिसऱ्याने विचारलं, बेंजो टपावर बसणार का?

शेवटी आपला गजेंद्र.
त्याची सतरा सीटर एरवी महाप्याची शिफ्ट मारते.
सहा हजार, डिझेल धरून. चहापाणी शंभर.
थांबण्याचे तासाला दोनशे.
थांबण्याचे कसले रे, झोपणारच आहेस ना?
ताई, म्हणाला, पोरं नाचत असली की
ड्रायव्हरला झोप लागत नाही.
शंभरावर तुटलं. पाच तासांचे पाचशे.
माणशी सहाशे, बरोब्बर.

दहा जणांचे आले, टिंग टिंग टिंग.
हरलीनच्या पप्पांनी तर एक रुपया वर, शकुनाचा.
अकरावा तन्वेश.
‘मी बसने येतो काकू, थेट जाते.’
आणि येताना?
फोनवर नुसता पंख्याचा आवाज.

त्याचा बाप आमच्याच मार्केटात माथाडी.
त्याच्या पाठीचा दर मला पाठ आहे.
लिहिलं, गाडीला एक क्लीनर लागतो, त्याला भाडं पडत नाही.
पुसलं.
सोळा वर्षांचा पोरगा, त्या रात्रीपुरता तरी क्लीनर कशाला.
मग लिहिलं, गजेंद्रचा हिशेब असा असतो,
दहावर एक फुकट, पेरूसारखा.
त्यानेही मार्केट पाहिलंय.
बऱ्याच वेळाने एक अंगठा आला.

सहाला गाडी सेक्टरच्या तोंडाशी.
आतल्या दिव्याला गजेंद्रने निळा जिलेटिन चिकटवलेला,
मी सांगितलं नव्हतं.
त्यात सगळे कावीळ उतरून आल्यासारखे दिसत होते
आणि सगळे किंचाळत होते.
अफ्शीनचे केस दारात मावेनात.
तन्वेशच्या ब्लेझरच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर.
माझी मोरपंखी नेसून श्रावस्ती चढली,
पदर दारात अडकला,
दार पुन्हा उघडलं, पुन्हा लागलं,
तिने काचेतून पाहिलं – मला नाही,
काचेत स्वतःला.

घरी येऊन भाकऱ्या टाकल्या. दोनच.
सवयीचा हात, कॅलेंडरच्या मागे बिल्टी भरत गेला :
नग अकरा. प्रकार नाजूक. हवा लागू द्यावी.
एकावर एक रचू नये.
वाटेतल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही.
पाठवणार, मी.
घेणार –
तिथे पेन थांबलं.
एकोणीस वर्षांत ती जागा कोरी सोडलेली
बिल्टी मी कुणाची चालू दिली नाही.
दूध उतू गेलं, ते पुसत बसले.

अकरा वीसला हॉर्न.
खाली जाऊन मोजून घेतले.
नग अकरा, शाबूत.
तूट, एक सँडल.

पैसे देताना गजेंद्रने शंभराची एक नोट परत केली.
थांबण्याचे चारच तास धरा, म्हणाला.
एक तास मी पण आत होतो.